न विचारणारे पतंगेमामा

पतंगेमामांवर मी नऊ वर्षं चिडत होते. आता ते नाहीत, तरी चिडणं काही गेलेलं नाही. जुलै लागला, लोक पावत्यांची पुडकी घेऊन ऑफिसात यायला लागले, की रोज एकदा तरी मनात येतंच, या माणसानं एक गोष्ट मला वेळेवर सांगितली असती तर त्याचं काय जात होतं? त्यांनी सांगितली नाही, आणि एका बाईचं स्वतःचं घर होता होता राहिलं. ते माझ्या हातून राहिलं. पण रागवायचं कुणावर म्हटलं की मला आधी पतंगेमामाच आठवतात.

लग्न होऊन मी सांगलीहून म्हैसूरला आले. नवरा मेटगळ्ळीच्या कारखान्यात, भाड्याचं घर बोगादीला, माझ्याजवळ बी.कॉम.ची पदवी आणि कानडीचे चार शब्द. शेजारच्या बाई म्हणाल्या, शिवरामपेटेत तुमच्यातलेच एक गृहस्थ लोकांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून देतात, त्यांना कॉम्प्युटर येणारं कुणीतरी हवंय. गेले. जिन्यावरची खोली, दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि साठीच्या आसपासचे, खिशाला तीन पेनं लावलेले पतंगेमामा. सी.ए. नव्हते, वकीलही नव्हते. तरुणपणी एका कापडदुकानात हिशेब लिहीत, तिथल्या मालकाचं रिटर्न भरता भरता शेजाऱ्यांची भरू लागले आणि पुढे तोच धंदा झाला. त्यांचे पूर्वज कापड रंगवणारे आणि छापणारे. कधीकाळी इकडे आले आणि इथलेच झाले. घरात अजून मराठी बोलत, पण ते मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी नुसतीच बघत राहिले.

"सांगलीची काय ग तू? बरं आय्तु, बरं झालं. कूत्को, कूत्को. म्हणजे बस ग. कॉफी घेतीस की चहा? इथं चहा स्वल्प पाण्यागत असतो, कॉफीच घे."

अर्धा तास गप्पा झाल्या. सांगलीच्या हळदीबद्दल झाल्या, सासूबाईंच्या गुडघ्यांबद्दल झाल्या, बोगादीला नळाचं पाणी किती वाजता येतं याबद्दल झाल्या. "उद्यापासून ये," म्हणाले. घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की त्यांनी मला कामासंबंधी एकही प्रश्न विचारला नव्हता, आणि तरीही नवऱ्याचा पगार, घराचं भाडं, सासूबाईंची पेन्शन आणि माहेरच्या पोस्टातलं माझं खातं, एवढं सगळं मी त्यांना सांगून बसले होते. नवऱ्यालासुद्धा त्या खात्याचं ठाऊक नव्हतं.

हीच त्यांची कामाची पद्धत. विचारायचं नाही. बाकीचे रिटर्न भरणारे लोक फोनवर सांगत, फॉर्म सोळा पाठवा, बँकेची स्टेटमेंटं पाठवा, झालं. पतंगेमामा मे-जूनमध्ये पिशवी घेऊन घरोघर जात. तासभर बसत. कागदांचं नावसुद्धा काढत नसत. त्यांची नजर मात्र फिरत असे. भिंतीवर कुठल्या बँकेचं कॅलेंडर आहे ते बघत. नव्या बँकेचं कॅलेंडर म्हणजे तिथं नवं खातं, हा त्यांचा ठोकताळा. दाराबाहेरच्या चपला बघत. पोरगा बंगळुरूहून परत आला असेल तर नोकरी गेली असणार. सोफ्याचं कव्हर किंवा पडद्याचं कापड दोन बोटांत धरून चोळून बघायची खोड तर वाडवडिलांकडूनच आलेली. "पक्का रंग आहे की, कुठनं घेतलासा?" असं म्हणत, आणि त्या एका वाक्यावर घरची बाई यंदा कोणता बोनस मिळाला आणि कुणी काय विकलं ते सगळं ओघानं सांगून टाके. मी शेजारी बसून घड्याळ बघत असे. दिवसाला दोन घरं! इकडे टेबलावर चाळीस फायली तुंबलेल्या.

"मामा, नुसतं विचारा ना," मी म्हणायची. "पाच मिनिटांचं काम आहे."

"अय्यो, असं डायरेक्ट कसं विचारायचं ग? आपण काय पोलीस आहे? निधान, निधान."

निधान म्हणजे सावकाश. हा शब्द त्यांनी मला नऊ वर्षांत किती वेळा ऐकवला असेल, त्याची गणती नाही. शेवटी शेवटी तो कानावर पडला की माझं डोकं दुखायला लागायचं.

बन्नूरची गोष्ट सांगते. तिथले नंजप्पा आमचे जुने अशील. ऊस, भात आणि बसस्टँडजवळ पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. दुकानाचं रिटर्न आम्ही भरायचो. त्या वर्षी मामा मला बरोबर घेऊन गेले. बसनं तासभर, मग ऊन, मग त्यांच्या ओट्यावर बसणं. नंजप्पा म्हणाले, यंदा काही नवीन नाही, मागच्यासारखंच लिहा. मी पेन काढलं. मामांनी माझ्याकडे न बघताच हातानं पेन खाली ठेवायला लावलं. मग जेवण. नंजप्पांच्या बायकोनं अवरेकाळूचं सारू, म्हणजे पावट्याची आमटी, केली होती. मामांनी त्या सारूची जी स्तुती मांडली, ती ऐकून मला वाटलं आता हे रेसिपी लिहून घेणार. बाई खूश. म्हणाल्या, म्हैसूरच्या घरातली भाडेकरीण तर डबा भरून नेते, भाडं द्यायला येते तेव्हा आधी सारूच मागते.

नंजप्पांचा घास तोंडाशीच थांबला. म्हैसूरला त्यांचं घर आहे आणि ते भाड्यानं दिलंय, हे आम्हाला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आता मामा बोलतील, म्हणून मी सरसावून बसले. मामांनी सारूची वाटी पुढे केली आणि गोठ्यातल्या वासराची चौकशी सुरू केली. म्हणजे कमाल! दुपारभर वासरू. संध्याकाळी नंजप्पा आम्हाला बसस्टँडवर पोचवायला आले, आणि बस हलता हलता खिडकीशी येऊन हळूच म्हणाले, "पतंगेयवरे, अदन्नू हाकिबिडी." तेही घालून टाका.

"एका ओळीसाठी अख्खा दिवस," मी बसमध्ये कुरकुरले. "ओट्यावरच विचारलं असतं तर?"

"तर तो नाही म्हटला असता. आणि एकदा तोंडातनं नाही गेलं की माणसाला मग ते नाही सांभाळत बसावं लागतंय ग. कशाला त्याला उगाच खोटं बोलायला लावायचं, सुम्मे?"

तेव्हा मला हे बोलणं आवडलं होतं, हे कबूल करते. पण त्याच्या मागे माझे सहा तास गेले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या सहा तासांची कामं मलाच उपसायची होती. एक मात्र खरं, सरकारपासून एक पै लपवायची नाही, यात त्यांनी कधी कुणाची गय केली नाही. लपवालपवी करणाऱ्या अशिलाची फाईल ते दोन्ही हातांनी परत देत आणि वर कॉफी पाजत. लपवायचं असेल ते घरच्यांपासून लपवा, त्याला त्यांची हरकत नव्हती. ह्याची बायकोला न सांगितलेली विम्याची पॉलिसी, तिचं सुनेला न सांगितलेलं सोनं, असं सगळं त्यांच्या पोटात असे आणि पोटातच राहत असे. कागदावर कुठेही नाही. माझ्याशीही नाही. मी त्यांच्या ऑफिसात बसणारी, त्यांचं सगळं कॉम्प्युटरचं काम करणारी बाई. पण कुणाच्या घरात काय आहे हे विचारलं की उत्तर ठरलेलं. "तुला कशाला ते? जड होतंय ग."

मी दोन पानी प्रश्नावली केली होती. एका बाजूला कानडी, एका बाजूला मराठी. बँका किती, ठेवी किती, घर भाड्यानं दिलंय का, सगळं खूण करून सांगायचं. मामांनी ती चष्मा लावून वाचली, "फस्टक्लास केलीस," म्हणाले, शंभर प्रती काढून आणायला लावल्या आणि एकही प्रत कुणाला दिली नाही. सहा महिन्यांनी त्या कपाटात जशाच्या तशा सापडल्या. मी त्या त्यांच्या टेबलावर आपटल्या. "देऊ या की, पुढच्या वर्षी," म्हणाले.

पण माझा खरा छळ झाला तो फोन नंबरांनी. रिटर्न ऑनलाइन भरायचं म्हणजे सरकारच्या साइटवर प्रत्येकाचं खातं, आणि खात्याला मोबाईल नंबर आणि ईमेल. काहीही करायला गेलं की त्या मोबाईलवर कोड येतो, तो घातल्याशिवाय पुढे जाता येत नाही. साइटवर स्पष्ट लिहिलेलं असतं की नंबर ज्याचा त्याचाच द्या. आमच्याकडे कुणाचाच नंबर ज्याचा त्याचा नव्हता. मामांनी सगळ्या अशिलांना आपलाच नंबर दिलेला. पण एका नंबरावर मोजकीच खाती जोडता येतात. मग त्यांनी मामींचा नंबर दिला, तो संपल्यावर सुनेचा, मग मेहुणीचा, मग खालच्या सोडावाल्याचा. म्हणजे मी नंजप्पांचं रिटर्न भरायला बसले की कोड जायचा मामींच्या फोनवर.

"मामी, कोड आला का हो?"

"आलाय ग. पण मी देवळात आहे, आणि चष्मा घरी. थांब, अर्चकांना वाचायला सांगते."

मग मागे घंटा वाजत असताना अर्चक तो सहा आकडी कोड मंत्र म्हटल्यासारखा म्हणत आणि मी इकडे तो लिहून घेई. निम्म्या वेळा तोवर त्याची मुदत संपलेली असे. हसू येण्याजोगंच आहे, पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात हे दिवसातून वीस वेळा झालं की हसू येत नाही, रडू येतं. मी एकदा खरोखर रडलेही. मामांनी मला कॉफी मागवली.

"लोकांचे नंबर लोकांना देऊन टाकू या," मी कितीदा तरी म्हटलं.

"नको ग."

"पण का नको?"

"सुम्मे."

सुम्मे म्हणजे उगाच, असंच. याच्यापुढे माणसानं काय वाद घालावा?

एका वर्षी एप्रिलमध्ये मामांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तीन आठवडे घरी बसवलं. ऑफिसच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. पासवर्डांची डायरी माझ्याकडे आली. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. रोज सकाळी दहाला बसायची आणि एकेका अशिलाला फोन करून नंबर बदलायची. साइटवर त्यांचा नंबर घालायचा, त्यांच्या फोनवर कोड जायचा, ते वाचून दाखवायचे, मी घालायची, झालं. लोक खूश होते. मेटगळ्ळीचा एक फोरमन तर म्हणाला, अक्का, माझं सरकारात खातं आहे हेच मला माहीत नव्हतं. मला इतकं बरं इतक्या वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

वीसेक रिटर्नं मामा स्वतः भरत असत, दोन बोटांनी टक् टक् करत. त्यांना मला हात लावू देत नसत. मी याला त्यांचा हेकटपणा समजत होते. डायरीत त्यांचेही पासवर्ड होते. मी तेही नंबर बदलले. त्यांचं उत्पन्न बिल्कुल बघितलं नाही, मला बघायचंही नव्हतं. नंबर बदलायचा तेवढा बदलला.

त्या विसांतच जानकी टीचर होत्या. मामांच्याच समाजातल्या, हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. धाकट्या भावाच्या घरी राहत. मी फोन केला तर त्यांच्या पुतण्यानं उचलला. पंचविशीचा, फार आदबशीर.

"आत्या देवळात गेली आहे हो आंटी. काय पाहिजे ते मला सांगा की."

मी सांगितलं. त्यानं कोड वाचून दाखवला. ईमेल विचारला तर तोही त्यानंच सांगितला, आत्याच्या फोनमध्ये त्यानंच उघडून दिलेला. "काही लागलं तर केव्हाही फोन करा," म्हणाला. सगळीच घरं अशी असती तर, असं मला वाटल्याचं अजून आठवतं.

तीन आठवड्यांनी मामा पोटाला पट्टा बांधून ऑफिसात आले. मी यादी त्यांच्यापुढे ठेवली. सगळी नावं, सगळे नंबर, प्रत्येकापुढे हिरवी खूण. त्यांनी चष्मा लावला. बोट खाली सरकत गेलं आणि थांबलं.

"हिचा पण केलीस?"

"सगळ्यांचेच केले."

"कुणी कोड सांगितला?"

"त्यांच्या पुतण्यानं."

ते उठले. डॉक्टरांनी जिने चढू-उतरू नका म्हटलेलं, तरी तसेच पट्टा धरून बाहेर पडले आणि रिक्षा केली. मी पाठीमागे येते म्हटलं तर "बेडा", नको, एवढंच म्हणाले. तासाभरानं परत आले. खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मला वाटलं आता ओरडतील. खरं तर ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कळलंय तिच्या घरच्यांना," म्हणाले.

मग जे त्यांनी इतक्या वर्षांत सांगितलं नव्हतं ते पाच वाक्यांत सांगितलं. जानकी टीचरची एक मोठी ठेव होती. निवृत्तीच्या वेळी मिळालं ते सगळं तिनं त्यात ठेवलं होतं, आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता. निवृत्त झाल्यावर तिची खोली पुतण्याला दिली गेली होती आणि ती हॉलमध्ये खाटेवर झोपत होती. तिला एक दार हवं होतं, आतून कडी लावता येईल असं. बोगादीला, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, मामांच्याच एका अशिलाचं दोन खोल्यांचं घर विकायचं होतं, मामांनी बोलणी पक्की केली होती, आणि दसऱ्याच्या आधी ठेवीची मुदत संपली की टीचर ते घर घेणार होती.

त्या गोड पुतण्यानं कोड हातात आल्याबरोबर खात्याचा नवा पासवर्ड केला होता. आत्याला मदत म्हणून. आत शिरल्यावर बँकेनं सरकारला कळवलेलं व्याज त्याला दिसलं. एवढं व्याज म्हणजे ठेव केवढी, हे काढायला त्याला गणिताच्या टीचरची गरज नव्हती.

"हे तुम्ही मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. विचारलं म्हणजे जवळजवळ किंचाळलेच.

"कुणाचं कुणाला सांगायचं ग," ते म्हणाले. "तिनं मला सांगितलं, आय्तु, ते माझ्याजवळ राहिलं."

"नंबर बदलू नको, एवढं तरी?"

"म्हटलं होतं की."

म्हटलं होतं. नको ग, सुम्मे. याला सांगणं म्हणतात? मी त्या दिवशी नोकरी सोडायचं ठरवून घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा ऑफिसात हजर झाले. कुठं जाणार होते?

टीचरच्या घरी काय झालं ते नंतर हळूहळू कानावर आलं. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर टीचर कदाचित निघून गेल्या असत्या. भाऊ रडला. वहिनी रडली. आम्ही काय परके, आमच्यापासून लपवावंसं का वाटलं, म्हणाली. वेगळं घर कशाला, याच घरावर मजला चढवू, वर तुझी खोली करू. टीचरनी ठेव मोडली. मजला चढला. तो पुरा होता होता भावाला कर्जाची आठवण झाली आणि वर भाडेकरू आले. टीचर अजून हॉलमध्येच झोपतात. बोगादीचं ते घर कुण्या इंजिनीअरनं घेतलं. मी रोज बसस्टॉपवर जाताना त्यावरून जाते. खिडक्यांना निळे पडदे लावलेत.

मला टीचरकडे जायचं होतं. चूक माझी होती, मला ती कबूल करायची होती. मामांनी जाऊ दिलं नाही.

"तू माफी मागून मोकळी होशील. तिला मात्र घरच्यांसमोर ते सगळं परत ऐकावं लागंल. नको."

हे तर माझ्या वर्मावरच बोट होतं, म्हणून मी गेले नाही. पण मनात धुमसत होते.

त्या वर्षापासून काहीतरी बदललं. समाजातली जुनी घरं मामांना टाळू लागली. दोन-तीन फायली परत गेल्या. मामा पिशवी घेऊन निघत आणि लवकर परत येत. कॉफी झाली नाही हे त्यांच्या तोंडावरून कळे. मला वाटलं, वय झालं, लोकांना आता मोबाईलवर पटकन काम करून देणारा माणूस हवा. मी मनातून थोडी सुखावलेही, खोटं कशाला बोलू? मामा हळूहळू दिवसाआड यायला लागले आणि ऑफिस बहुतेक माझ्याच हातात आलं.

पुढच्या जुलैत जानकी टीचर स्वतः जिना चढून ऑफिसात आल्या. मामा त्या दिवशी नव्हते. मी उभी राहिले. त्यांनी पेन्शनचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"माझं रिटर्न आता तू कर ग. पतंगेच्या हातात देऊ नकोस."

"टीचर..." मी सुरुवात केली.

"त्यानं माझं घर घालवलं. माझा नंबर बदलला, मला न विचारता. त्या दिवशी रिक्षानं आला तेव्हा मी विचारलं गेटाशी, कुणी केलं, तर म्हणाला, मी केलं, तिनं नुसता मी सांगितलं म्हणून फोन लावला. स्वतःच्या तोंडानं सांगितलं. इतकी वर्षं माझ्या घरात कॉफी प्यायला ग तो माणूस."

बोलायला हवं होतं. तेव्हाच, तिथंच. मी तो कागद उचलला आणि कॉम्प्युटरकडे वळले. रिटर्न पाच मिनिटांत झालं. पेन्शन आणि दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आले तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि त्यांच्यावर तुटून पडले. माझी चूक तुम्ही आपल्या अंगावर का घेतली? कुणी सांगितलं होतं? आता सगळा समाज तुम्हाला नावं ठेवतोय आणि मी इथं शहाण्यासारखी बसलेय!

"ओरडू नको ग, खाली सोडावाला ऐकतोय," ते म्हणाले. मग पिशवी मांडीवर घेतली. "मला काय, अजून दोन वर्षं. तुला अजून किती वर्षं ह्या घरांत जायचं आहे. एकदा दार बंद झालं की उघडत नाही. माझं झालं तर चालतंय."

"मला विचारायचं तरी होतं!"

"विचारलं असतं तर तू नको म्हटली असतीस."

चांगुलपणा होता म्हणावं तर त्यानं मी आयुष्यभराची अडकले. वाईटपणा म्हणावं तर तोंड उघडत नाही. टीचर दर जुलैला येतात, कॉफी घेतात, पतंगेमामांना दोन शब्द बोलून घेतात आणि जाताना मला म्हणतात, तू चांगली आहेस ग. मामा गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. दर वर्षी ठरवते, यंदा सांगायचं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्या भांडणानंतर दोनेक महिन्यांनी. दुपारी ते लवकर निघाले होते. मी खाली जिन्याच्या दारात उभी होते. समोरच्या बसस्टॉपवर ते पिशवी धरून थांबले होते, आणि मार्केटच्या बाजूनं जानकी टीचर भाजी घेऊन येत होत्या. मामांनी पिशवी काखेत धरून हात जोडले. टीचर थबकल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या फूटपाथवर गेल्या. बसची वाट बघणारी चार माणसं बघत होती. मामांचे हात तसेच जोडलेले राहिले, मग खाली आले.

मी पायरी उतरले. मला धावत जाऊन टीचरना गाठायचं होतं, भर रस्त्यात ओरडून सांगायचं होतं की तो माणूस नव्हे, मी. मामांनी तेवढ्यात वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असणार. त्यांनी हातानं खूण केली, आत जा.

आणि मी आत गेले.